पडदा बसला, पण ऐकू किती येतं?

"डॉक्टर म्हनतात पडदा मस्त बसला. मंग मले ऐकू काऊन नाही येऊन राहिलं?" कानाचं ऑपरेशन होऊन तीन-चार महिने झाले की आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न सुनेला, शेजाऱ्याला, एसटीत बाजूला बसलेल्यालाही विचारला जातो. ज्याला विचारायला हवा त्या डॉक्टरला तेवढा विचारला जात नाही. विचारणाऱ्याची तक्रार खोटी नसते आणि डॉक्टरही खोटं बोललेले नसतात. दोघं दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात, एवढंच.

मधल्या कानाच्या ऑपरेशनचे निकाल दोन. कान वाहायचा थांबला का, पडद्याचं भोक बुजलं का, हा पहिला. ऐकू किती येतं, हा दुसरा. पहिला निकाल डॉक्टरला कानात पाहिलं की दिसतो, आणि बहुतेकांच्या बाबतीत तो चांगला लागतो. दुसरा यंत्रावर मोजावा लागतो, आणि एकदा मोजून भागत नाही. सहाव्या महिन्यात जे ऐकू येतं ते दहाव्या वर्षी तसंच राहील, याची हमी कोणीच देऊ शकत नाही. बहुतेक वेळा ते टिकतं. काहींचं हळूहळू कमी होतं. कमी होण्याची कारणं वेगवेगळी असतात आणि त्यांचे उपायही वेगळे. म्हणून माझं म्हणणं एकच आहे: कानाचं ऑपरेशन झालेल्या माणसाने वर्षातून एकदा श्रवणतपासणी करावी आणि तो कागद सातबाऱ्यासारखा जपावा.

वर्धा जिल्ह्याला हे आवर्जून सांगायचं कारण आहे. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय गांधीजींच्या हयातीतच, कस्तुरबांच्या स्मरणार्थ सुरू झालं. १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नायर यांनी त्याला जोडून महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी केली. खेड्यात काढलेलं वैद्यकीय महाविद्यालय ही त्या वेळी नवलाची गोष्ट होती. हंगामात ज्वारी गोळा करून गावाला आरोग्य विम्याचं छत्र देण्याची कल्पनाही इथलीच. पुढे यवतमाळ रोडवर सावंगी मेघेला जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आलं. आठ तालुक्यांच्या जिल्ह्यात डॉक्टर घडवणारी दोन मोठी रुग्णालयं. त्यामुळे आष्टी-कारंज्यापासून हिंगणघाट-समुद्रपूरपर्यंतच्या माणसाला कानाचं ऑपरेशन ही मुंबई-पुण्याची गोष्ट राहिली नाही. पंधरा-वीस वर्षांपूर्वी कान करून घेतलेली माणसं आज गावोगावी आहेत. ऑपरेशन हाताशी आलं, पण ऑपरेशननंतर वर्षानुवर्षे तपासायला जाण्याची सवय काही लागली नाही.

तुमच्या कानात नेमकं काय केलं?

हे बहुतेकांना सांगता येत नाही. "पडदा शिवला" किंवा "हाड खरवडलं" एवढंच माहीत असतं. पुढे ऐकू किती येणार याचा अंदाज मात्र नेमका यावरच ठरतो. म्हणून डिस्चार्ज कार्ड शोधून काढा आणि त्यावर कोणता शब्द आहे ते पाहा.

त्याआधी कानाची रचना दोन ओळींत. पडद्यामागे एका छोट्या पोकळीत तीन हाडं साखळीसारखी जोडलेली असतात: हातोडी, ऐरण आणि रिकीब. रिकीब जेमतेम तीन मिलिमीटरची, शरीरातलं सगळ्यात लहान हाड. पडद्याचं क्षेत्रफळ रिकिबीच्या तळव्याच्या सुमारे १७ पट असतं, त्यात हाडांच्या तरफेची थोडी भर पडते, आणि पडद्यावर आलेला आवाजाचा दाब आतल्या कानापर्यंत पोचेतो सुमारे २२ पट होतो. पडद्याला भोक पडलं की हा फायदा घटतो. पडदा शाबूत असून आतली साखळीच तुटली, तर नुकसान ६० डेसिबलपर्यंत जाऊ शकतं. आपलं साधं बोलणं साधारण ६० डेसिबलचंच असतं, म्हणजे समोरच्याचं बोलणं जवळजवळ पुसलं जातं.

आता कार्डावरचा शब्द. नुसतं मायरिंगोप्लास्टी किंवा टाइप वन टिम्पॅनोप्लास्टी असेल, तर तुमची तिन्ही हाडं धड होती आणि फक्त पडदा बसवला. कानशिलाच्या स्नायूवरचा पातळ पापुद्रा काढून तो भोकाखाली लावतात; कधी कानाच्या कूर्चेचा तुकडा वापरतात. अशा ऑपरेशननंतर ऐकू येण्याचा निकाल चांगला असतो आणि टिकतोही. कान कोरडा राहिला, नाकामागची नळी नीट चालली, तर दहा वर्षांनीही फारसा फरक पडत नाही.

ऑसिक्युलोप्लास्टी असेल, तर हाडांची साखळी दुरुस्त केली आहे. वर्षानुवर्षे वाहणाऱ्या कानात सगळ्यात आधी झिजतो तो ऐरणीचा लांब दांडा, कारण त्याला रक्तपुरवठा मुळातच कमी. मग सर्जन रुग्णाचीच ऐरण काढून, घासून, नव्या आकारात बसवतात, किंवा कूर्चेचा तुकडा ठेवतात, किंवा टायटॅनियमचा तयार सांधा घालतात. कार्डावर पॉर्प किंवा टॉर्प असं लिहिलेलं असतं. पॉर्प म्हणजे रिकिबीची कमान शाबूत होती आणि सांधा तिच्या डोक्यावर टेकवला. टॉर्प म्हणजे कमानही गेली होती, म्हणून सांधा थेट रिकिबीच्या तळव्यावर उभा केला. या एका अक्षराचा फरक मोठा आहे. ढोबळमानाने सांगायचं तर पॉर्पमध्ये सुमारे दोन-तृतीयांश रुग्णांना चांगला निकाल मिळतो, टॉर्पमध्ये सुमारे निम्म्यांना. डॉक्टरांच्या भाषेत चांगला म्हणजे काय, ते पुढे येईलच.

मॅस्टॉइडेक्टॉमी असेल तर गोष्ट आणखी वेगळी. हे ऑपरेशन बहुधा कोलेस्टिएटोमासाठी केलेलं असतं. कानाच्या आत साचत जाणारी ही कातडीची गाठ आजूबाजूचं हाड कुरतडते आणि वेळीच काढली नाही तर चेहऱ्याच्या नसेपर्यंत, मेंदूपर्यंत पोचते. इथे सर्जनचं पहिलं काम जीव वाचवणं, दुसरं कान कोरडा करणं. ऐकू येण्याचा नंबर तिसरा लागतो, आणि तो तसाच लागला पाहिजे. कोलेस्टिएटोमाच्या रुग्णाला "ऑपरेशन करा, ऐकू येईल" असं कोणी सांगत असेल तर त्याने अर्धंच सांगितलं, असं मी म्हणेन.

याच आजारात एक चमत्कारिक गोष्ट घडते आणि त्यावरून घरात भांडणंही होतात. ऑपरेशनआधी रुग्णाला बऱ्यापैकी ऐकू यायचं, ऑपरेशननंतर कमी येऊ लागलं. डॉक्टरने कान बिघडवला, असा ग्रह होतो. खरं कारण बहुधा असं असतं की हाडांची साखळी आधीच तुटलेली होती, पण ती गाठच मधली फट भरून काढत होती आणि आवाज तिच्यातून पलीकडे जात होता. गाठ काढली तशी ती वाटही गेली. गाठ ठेवता येत नाही. म्हणून काही सर्जन मुद्दाम दोन टप्प्यांत काम करतात: आधी आजार काढायचा, सहा महिन्यांनी किंवा वर्षाने पुन्हा उघडून आत काही उरलं नाही ना ते पाहायचं आणि तेव्हाच हाडांची साखळी बसवायची. दुसऱ्या टप्प्याची तारीख दिली असेल आणि "आता कान वाहत नाही, काय करायचं जाऊन" म्हणून तुम्ही गेला नसाल, तर अर्धंच ऑपरेशन झालंय हे लक्षात घ्या.

स्टेपेडेक्टॉमी हे आणखी एक नाव कार्डावर सापडेल. कान कधी वाहिला नाही, पडदा साफ, तरी तिशी-चाळिशीत ऐकू कमी येत गेलं, अशा ओटोस्क्लेरोसिसच्या रुग्णात रिकीब जागच्या जागी घट्ट बसलेली असते. ती काढून तिथे बारीक पिस्टन घालतात. हे ऑपरेशन अमेरिकेत जॉन शे यांनी १९५६ साली प्रथम केलं आणि मधल्या कानाच्या शस्त्रक्रियांत याचा निकाल सर्वांत उजवा मानला जातो. वयाबरोबर आतला कान थकतो तो या लोकांचाही, पण पिस्टन बहुधा आपलं काम करत राहतो.

आलेख वाचायला शिका

ऑडिओग्राम म्हणजे डॉक्टरने डॉक्टरसाठी काढलेला कागद, असं समजून तो फाइलच्या तळाशी जातो. मुळात तो वाचणं वीजबिल वाचण्याइतपतच अवघड आहे.

आडव्या रेषेवर आवाजाची पट्टी असते, डावीकडे जाड आवाज, उजवीकडे बारीक. उभ्या रेषेवर डेसिबल, आणि ते वरून खाली वाढत जातात. रेघ जितकी खाली, तितकं ऐकू कमी. उजव्या कानाची खूण लाल गोल, डाव्याची निळी फुली. या खुणा कानावर हेडफोन लावून घेतलेल्या तपासणीच्या. त्याशिवाय कंसासारख्या किंवा बाणाच्या टोकासारख्या खुणा दिसतात. त्या कानामागच्या हाडावर कंपन करणारं छोटं यंत्र ठेवून घेतलेल्या. हेडफोनची रेघ संपूर्ण कान कसा चालतो ते सांगते. हाडावरची रेघ पडदा आणि साखळी वगळून फक्त आतला कान कसा आहे ते सांगते. या दोन रेघांमधलं अंतर म्हणजे एअर-बोन गॅप. मधल्या कानाचं ऑपरेशन हे अंतर कमी करण्यासाठीच असतं. आतला कान ते सुधारू शकत नाही. अंतर २० डेसिबलच्या आत आलं, तर सर्जन ऑपरेशन यशस्वी मानतात.

एक उदाहरण घेऊ. ऑपरेशनआधी उजव्या कानाची हेडफोनची सरासरी ५५ डेसिबल आणि हाडावरची १५. अंतर ४०. ऑपरेशननंतर सहा महिन्यांनी हेडफोनची ३५, हाडावरची तीच १५. अंतर २० वर आलं, म्हणजे डॉक्टरच्या लेखी यश. ऐकणाऱ्यालाही फरक जाणवतो, पण अगदी धडधाकट कानासारखं नाही, कारण २०-२५ डेसिबलपर्यंतच्या कानाला आपण ढोबळमानाने चांगला कान म्हणतो आणि हा ३५ वर आहे.

सात वर्षं गेली. आता हेडफोनची सरासरी ५० झाली. माणूस म्हणतो, ऑपरेशन वाया गेलं. थांबा, हाडावरची रेघ पाहा. ती अजून १५ वरच असेल, तर अंतर ३५ झालं. मधल्या कानातच काही बिघडलंय: सांधा सरकला असेल, पडदा आत ओढला गेला असेल, आजार परत आला असेल. कान नीट तपासायला हवा आणि पुन्हा ऑपरेशनचा विचार होऊ शकतो. पण हाडावरची रेघ १५ वरून ३० वर गेली असेल, तर अंतर अजूनही २० च आहे. सर्जनने केलेली दुरुस्ती जशीच्या तशी टिकली आहे. कमी झालंय ते आतल्या कानाचं, वयाने किंवा आवाजाने. इथे पुन्हा कान उघडून काही मिळणार नाही. मशीन लावणं हाच शहाणा उपाय. तक्रार तीच, हेडफोनचा आकडा तोच, पण एकाला ऑपरेशन आणि दुसऱ्याला मशीन. आणि हा फरक कळायला सात वर्षांपूर्वीचा कागद हाताशी लागतो. तो हरवला असेल तर डॉक्टरलाही अंदाजच करावा लागतो.

या तपासणीत दोन गोष्टींवर नजर ठेवा. हाडावरची तपासणी करताना दुसऱ्या कानात सरसर असा आवाज सोडतात, त्याला मास्किंग म्हणतात. ते गरजेचं असूनही केलं नाही, तर वाईट कानाच्या नावावर चांगल्या कानाचा आकडा चढतो. एखाद्या शिबिरात मंडपाखाली, माणसांच्या गलक्यात दोन मिनिटांत घेतलेली तपासणी किंवा मोबाइलवरचं अ‍ॅप यांचा उपयोग ऐकू कमी येतंय एवढं कळण्यापुरताच. ऑपरेशन झालेल्या कानाला बंद खोलीतली, हाडावरच्या रेघेसकटची तपासणी हवी, शक्यतो दर वेळी एकाच ठिकाणी. सर्दी झालेली असताना किंवा कानात मळ असताना ती करू नका.

यश डॉक्टरच्या कागदावर आणि यश घरातल्या बोलण्यात, यांतलं अंतर बेलफास्टच्या सर्जनांनी १९८५ साली फार नेटक्या नियमात मांडलं. ऑपरेशन केलेला कान ३० डेसिबलपर्यंत आला, किंवा दुसऱ्या कानाच्या १५ डेसिबलच्या आत आला, तरच रुग्णाला खरा फायदा जाणवतो. कारण माणूस ऐकतो तो चांगल्या कानाने. दुसरा कान ठणठणीत असेल आणि ऑपरेशनवाला ७० वरून ४५ वर आला, तर आलेखावर २५ डेसिबलची सुधारणा दिसेल आणि घरी कोणाला पत्ताही लागणार नाही. म्हणून ऑपरेशनआधीच विचारा: माझा दुसरा कान पाहता मला रोजच्या बोलण्यात किती फरक पडेल? केवळ ऐकू यावं म्हणून ऑपरेशन करायचं असेल तर हाच प्रश्न निर्णायक आहे.

पहिल्या दीड-दोन महिन्यांतलं ऐकू येणं निकालात धरू नका. कानात विरघळणारा स्पंज भरलेला असतो, तो जायला वेळ लागतो. तोवर कान गच्च वाटतो, कटकट वाजतो, जिभेच्या एका बाजूला चव लागत नाही, कानाची पाळी बधिर राहते. यातलं बहुतेक आपोआप ओसरतं. पहिला खरा ऑडिओग्राम तिसऱ्या महिन्याच्या आसपास, मग सहाव्या महिन्यात, मग वर्षाला. अपवाद चार, त्यांत तारीख पाहत बसू नका, त्याच दिवशी जा: अचानक ऐकू येणं कमी झालं, गरगरून चक्कर आली, तोंड वाकडं झालं, किंवा कान ठणकून दुखू लागला. आतल्या कानाला बसलेला अचानकचा धक्का औषधाने सावरण्याची संधी थोड्या दिवसांचीच असते.

वर्षांनंतर काय बिघडतं

सगळ्यात मोठा खलनायक कानात नसतोच, नाकामागे असतो. मधल्या कानाला हवा पुरवणारी युस्टेशियन नळी नाकाच्या मागे उघडते. ती नीट उघडझाप करत नसेल तर आत हवेचा दाब घटतो, नवा बसवलेला पडदा हळूहळू आत ओढला जातो आणि सांध्याला चिकटतो किंवा त्याला ढकलतो. काही वर्षांनी सांधा पडद्यातून बाहेर डोकावू लागतो. पूर्वीच्या प्लॅस्टिकच्या सांध्यांत हे जास्त व्हायचं. आता टायटॅनियमवर कूर्चेची चकती ठेवतात, त्याने ते पुष्कळ कमी झालंय. म्हणून सतत चोंदणारं नाक, जुनी सर्दी, लहान मुलांचे वाढलेले अ‍ॅडेनॉइड यांकडे कान करून घेतलेल्याने दुर्लक्ष करून चालत नाही.

आणि इथे विदर्भाची खास गोष्ट येते: खर्रा. खर्रा खाऊन तोंड उघडेनासं होतं, दोन बोटंही आत जात नाहीत, हे आपल्याकडे तरण्या पोरांतही दिसतं. याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. यात नुसते गाल ताठरत नाहीत, टाळूही ताठरते, आणि युस्टेशियन नळी उघडणारे स्नायू टाळूतच असतात. टाळू लाकडासारखी झाली की नळी उघडायची कशी? अशा माणसाला भूल देताना तोंडातून नळी घालणंही अवघड जातं, ते वेगळंच. बिडी-सिगरेट ओढणाऱ्यांत पडदा न टिकण्याचं प्रमाण जास्त असतं हेही लक्षात ठेवा. कानासाठी खर्रा सोडा असं कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

कोलेस्टिएटोमा परत येऊ शकतो, तोही बिनबोभाट. पाच वर्षांनी, दहा वर्षांनीसुद्धा, आणि मुलांत जास्त. कान वाहू लागला, त्याला घाण वास आला, ऐकू कमी झालं, तर "पुन्हा थोडी सर्दी उतरली" म्हणत बसू नका. अलीकडे एका विशिष्ट प्रकारच्या एमआरआयने कान न उघडता हे पाहता येतं. एमआरआयला जाताना कानात काय बसवलंय त्याचा कागद न्या. टायटॅनियमला सहसा अडचण नसते, पण ते ठरवायचं काम तिथल्या तंत्रज्ञाचं आहे आणि त्याला माहिती तुम्हीच देणार.

मॅस्टॉइडच्या ऑपरेशनमध्ये कानाची मागची भिंत काढली असेल तर आत एक खोली तयार होते आणि तिचा मळ आपोआप बाहेर पडत नाही. ती सहा महिन्यांनी, वर्षाने डॉक्टरकडून साफ करून घ्यावी लागते, जन्मभर. या कानात गार पाणी गेलं तर आतला कान ढवळला जाऊन गरगरून चक्कर येते. असा कान असलेल्याने विहिरीत, कालव्यात, पवनारला धामच्या डोहात उडी मारणं म्हणजे जिवाशी खेळ. पाण्याखाली दिशाच कळेनाशी होते. आंघोळीला व्हॅसलीन लावलेला कापसाचा बोळा पुरतो. पडदा पूर्ण बसलेल्याला डॉक्टर पुढे पाण्याची मोकळीक देतातही, पण ती त्यांनी द्यायची, आपण घ्यायची नाही.

तेलाबद्दल किती लिहावं! लसूण घालून कढवलेलं गोडेतेल, आईचं दूध, कसल्याशा पानाचा रस. पडद्याला भोक असलेल्या किंवा नव्या पडद्याच्या कानात यातलं काहीही घालायचं नाही. दुकानातून विचारून आणलेला ड्रॉपसुद्धा नाही. काही ड्रॉपमधली औषधं भोकातून आत गेली तर आतल्या कानालाच घातक ठरतात. काडी, पिन, गाडीची चावी यांबद्दल सांगायला नको.

राहता राहिला आवाज. हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये, थ्रेशरवर, पोळ्याच्या आणि गणपतीच्या डीजेपुढे आतल्या कानाच्या पेशी मरतात त्या परत येत नाहीत. ऑपरेशनने मिळवलेले २० डेसिबल काही वर्षांत आवाजाने घालवता येतात. कामावर कानावर मफ लावा. नुसता रुमाल बांधून काही होत नाही.

तारीख, पैसा आणि मशीन

आपल्याकडे ऑपरेशनचा मुहूर्त शेतीवर ठरतो. कापूस वेचून झाला, हातात चार पैसे आले, की फेब्रुवारी-मार्चात कान करून घ्यायचा. मार्चच्या पहिल्या आठवड्यातलं ऑपरेशन असेल तर तिसऱ्या महिन्याची तपासणी नेमकी मृग नक्षत्रात येते आणि सहाव्या महिन्याची डवरणी-निंदणी-फवारणीच्या धांदलीत. मग दोन्ही बुडतात. ऑपरेशनची तारीख घेतानाच डॉक्टरला हे सांगा. पेरणीच्या आठ दिवस आधी किंवा नंतर बोलावणं त्यांना जमण्यासारखं असतं. न सांगता न जाण्यापेक्षा ते बरं. बायकांच्या बाबतीत तर हे आणखी जपायला हवं. मुलाच्या कानासाठी सेवाग्रामला चार खेपा घालणारी आई स्वतःच्या कानाची एक तारीखही पाळत नाही.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कानाच्या काही शस्त्रक्रिया बसतात. तुमची बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधी विचारा, नंतर नव्हे. शाळा-अंगणवाडीतल्या मुलांची तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडून होते. पोराचा कान वाहत असेल तर पथक आल्यावर सांगायला शिक्षकांना बजावून ठेवा.

मशीन लावणं म्हणजे ऑपरेशन फसलं, ही समजूत डोक्यातून काढा. वाहणाऱ्या कानात मशीनचा साचा घालता येत नाही, पू साचतो. कान कोरडा झाला की मशीन सुखाने लावता येतं. कित्येकांच्या बाबतीत ऑपरेशनने मिळालेलं सर्वांत मोठं दान हेच असतं. ज्यांच्या कानात साचा बसतच नाही त्यांच्यासाठी हाडावरून आवाज पोचवणारी यंत्रंही आहेत. केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून ठरावीक उत्पन्नमर्यादेत श्रवणयंत्र मिळतं. दिव्यांग प्रमाणपत्राची गोष्ट वेगळी. २०१६ च्या कायद्यानुसार दोन्ही कानांत बोलण्याच्या पट्टीवर किमान ६० डेसिबलचं नुकसान असेल तरच ऐकण्याचं अपंगत्व धरलं जातं. एकच कान गेला आणि दुसरा चांगला असेल, तर प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयाच्या खेपा घालून उपयोग नाही. कोणी एजंट मिळवून देतो म्हणत असेल तर त्याला वाटेला लावा.

कान करून दोन वर्षं उलटली आणि त्यानंतर एकही ऑडिओग्राम झाला नसेल, तर पुढच्या खेपेला वर्ध्याला जाल तेव्हा सकाळच्या ओपीडीत तो करून घ्या. जुनं डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनआधीचा आलेख आणि सांधा बसवला असेल तर त्याचा कागद सोबत असू द्या. तिन्हींचे मोबाइलवर फोटो काढून मुलाला किंवा मुलीला पाठवून ठेवा, म्हणजे गळक्या छपराने फाइल भिजली तरी आकडे राहतील.